इम्युनिटी ‘वाढवायची’ म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

माझं भांडण एका शब्दाशी आहे. रोगप्रतिकारशक्ती. या शब्दाच्या शेपटाला ‘शक्ती’ आहे आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. शक्ती म्हटली की ती कमी असते नाहीतर जास्त असते. कमी असेल तर वाढवता येते, आणि वाढवता येत असेल तर डब्यात भरून विकताही येते. २०२० च्या उन्हाळ्यात किराणा दुकानात काय काय आलं होतं आठवा. इम्युनिटीवालं दूध, इम्युनिटीवाला चहा, इम्युनिटीवालं बिस्किट. साथ ओसरली, पण डब्यांवरचा तो शब्द काही उतरला नाही. आजही रील्स उघडल्या की कुणीतरी सकाळी सकाळी आलं-हळदीचा शॉट तोंडात ओतून आपल्याला ‘इम्युनिटी बूस्ट’ करायला सांगत असतं, आणि खाली डिस्काउंट कोड असतो.

आलं-हळदीशी माझं काही वाकडं नाही. माझं म्हणणं इतकंच की प्रतिकारयंत्रणा ही मुळात एका आकड्यात मोजून वाढवायची गोष्टच नाही. तिच्या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खर्चिक भाग म्हणजे कुणावर हल्ला करायचा नाही हे शिकणं. ते शिकवणारा एक अवयव आपल्या छातीत असतो आणि त्याचं नावही आपल्यातल्या बहुतेकांनी दहावीनंतर ऐकलेलं नसतं.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, बायोलॉजी बारावीतच सोडली. पण माझ्या पहिल्या नोकरीत ऑनलाइन पेमेंटमधले बनावट व्यवहार पकडणाऱ्या सिस्टिमवर काम होतं, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. शंभर टक्के चोर पकडणं अगदी सोपं आहे: प्रत्येक व्यवहार अडवा. एकही चोर सुटणार नाही, फक्त कुणालाच दूधही विकत घेता येणार नाही. आमचा सगळा वेळ जायचा तो प्रामाणिक गिऱ्हाइकाला न अडवण्यात. फॉल्स पॉझिटिव्ह कमी करण्यात. तिथे कुणी मीटिंगमध्ये ‘सिस्टिम बूस्ट करू या’ म्हणालं असतं, तर सगळ्यांनी आधी विचारलं असतं: कुठला आकडा बूस्ट करायचाय? पकडण्याचा की सोडण्याचा?

हाच प्रश्न मला त्या डब्यांना विचारायचाय.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडं वर, थायमस नावाची ग्रंथी असते. मराठी विश्वकोशात तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हटलंय, आणि नाव नेमकं आहे. लहानपणी ती चांगली भरलेली असते, वयात आल्यावर आक्रसत जाते, हळूहळू तिच्या जागी चरबी येते. १९६१ पर्यंत तिचा उपयोग काय हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ती पिल्लं साध्यासुध्या संसर्गांनी मरू लागली, आणि परक्या उंदराची त्वचा त्यांच्यावर लावली तर त्यांचं शरीर ती नाकारेना. टी पेशींचा अभ्यास खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला. टी म्हणजे थायमसचा टी.

प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर असतो, म्हणजे एका विशिष्ट आकाराला धरणारी पकड. उद्या कोणता विषाणू येणार हे शरीराला माहीत नसतं. म्हणून ते अंदाज बांधत बसत नाही. जनुकांचे तुकडे चक्क रँडम जोडून अफाट प्रकारच्या पकडी तयार करतं. आजवर पृथ्वीवर नसलेल्या जंतूलाही त्यातली एखादी लागू पडावी, अशी ही योजना. पण रँडम म्हणजे रँडम. यातल्या कित्येक पकडी आपल्याच इन्शुलिनवर, आपल्याच थायरॉइडवर, आपल्याच सांध्यांवर बसणार हे ठरलेलंच आहे. हा अपघात नाही, डिझाइनची किंमत आहे. ती किंमत थायमस भरते.

थायमसमध्ये आलेल्या पेशीची आधी बाहेरच्या भागात परीक्षा होते. तुला आपल्या शरीराचे रेणू वाचता तरी येतात का? ज्यांना येत नाही त्या तिथेच मरतात, आणि बहुसंख्य इथेच गळतात. उरलेल्या आतल्या भागात जातात, ज्याला मेड्युला म्हणतात, आणि इथे जे घडतं ते वाचून मी फोन बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो होतो. मेड्युलातल्या काही पेशी शरीरातल्या दूरदूरच्या अवयवांची प्रथिनं स्वतः बनवतात. स्वादुपिंडाचं इन्शुलिन, थायरॉइडचं थायरोग्लोब्युलिन, डोळ्यातली प्रथिनं, सगळं थोडं थोडं, छातीत. त्या इन्शुलिनचा साखरेशी काही संबंध नाही, ते निव्वळ दाखवण्यासाठी असतं. लाइव्ह सर्व्हरवरच्या डेटाचा नमुना आम्ही टेस्टिंगच्या मशीनवर उतरवतो, तसंच काहीसं. यातला मोठा भाग एआयआरई नावाचं एक जनुक चालवतं, जे १९९७ मध्ये सापडलं. ज्या पेशी स्वतःच्या या नमुन्यांना घट्ट धरतात त्यांना तिथेच मरण येतं. थायमसमध्ये तयार झालेल्या शंभर पेशींतल्या नव्वदहून जास्त कधी बाहेर पडतच नाहीत.

हे जनुक बिघडलेली माणसं असतात. फिनलंड आणि सार्डिनियात हा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो. त्यांच्या टी पेशी भरपूर असतात आणि जोरकसही असतात. त्या जोरात त्या पॅराथायरॉइड आणि अॅड्रिनल ग्रंथी उद्ध्वस्त करतात. आणि गंमत, म्हणजे गंमत नाहीच, अशी की या लोकांना तोंडात बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, कारण बुरशीला रोखण्यासाठी शरीर जे संदेशरेणू सोडतं त्यांच्याच विरुद्ध त्यांच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतात. स्वतःवर जास्त हल्ला, म्हणून जंतूंपुढे कमकुवत. ‘कमी-जास्त’च्या मोजपट्टीवर या माणसाला कुठे बसवणार?

पण मारून टाकणं हा थायमसचा एकच उपाय नाही. स्वतःच्या शरीराला बऱ्यापैकी घट्ट धरणाऱ्या काही पेशींना ती वेगळ्याच कामाला लावते. त्यांच्यात फॉक्सपी-थ्री नावाचं जनुक चालू होतं आणि त्या नियामक टी पेशी होतात, ज्यांना सगळे टी-रेग म्हणतात. टी-रेगचं काम बाहेर जाऊन, आपलाच अवयव ओळखून, तिथे भडकू पाहणाऱ्या इतर टी पेशींना आवरणं. म्हणजे ज्या ओढीमुळे दुसऱ्या पेशीला मरणाची शिक्षा झाली, तीच ओढ इथे पात्रता ठरते.

या जागा मोजक्या असतात. उंदरांमध्ये हे करून पाहिलंय: एकाच पकडीच्या खूप पेशी थायमसमध्ये घातल्या, तरी त्यांतल्या थोड्याच टी-रेग होतात, बाकीच्यांना जागा मिळत नाही. त्यामुळे कुठल्याही एका पकडीला सगळ्या खुर्च्या अडवता येत नाहीत आणि नाना प्रकारच्या पकडींचे टी-रेग बाहेर पडतात. ही विविधता शोभेची नाही. ज्या उंदरांच्या टी-रेगमध्ये पकडींचे प्रकार थोडेच होते, त्यांचे टी-रेग दुसऱ्या उंदरात घातले तर ते दाह नीट आवरू शकले नाहीत. थायरॉइड ओळखणारा टी-रेग नसेल, तर आतडं ओळखणारे ढीगभर असून थायरॉइडला त्यांचा काय उपयोग? म्हणून उद्या कुणी ‘टी-रेग बूस्टर’ डब्यात भरून आणलं (आणेल, खात्री बाळगा), तरी माझा प्रश्न तोच राहील. कोणते?

हे सगळं कळायला किती उशीर लागला तेही सांगायला हवं. १९६९ मध्ये जपानच्या निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदरांच्या पिल्लांची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. मिलर यांच्या प्रयोगावरून वाटावं की प्रतिकार लुळा पडेल. झालं भलतंच, माद्यांची अंडाशयं नष्ट झाली. सातव्या दिवशी काढली तर काहीच नाही. अर्थ लागला तो फार नंतर: हल्ला करणाऱ्या पेशी आधी बाहेर पडतात, आवरणाऱ्या काही दिवस मागून येतात, आणि तिसऱ्या दिवशी दार बंद केलं की बाहेर राहतात फक्त पहिल्या. मधल्या काळात ‘सप्रेसर’ टी पेशींच्या नावाखाली बरेच कच्चे दावे झाले, ते कोसळले, आणि १९८० च्या दशकात हा विषयच बदनाम झाला. शिमोन साकागुची यांनी तो सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी निरोगी उंदराच्या टी पेशींतून सीडी-२५ ही खूण असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या, टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या. त्यांच्या थायरॉइडवर, जठरावर हल्ले सुरू झाले. काढलेल्या पेशी परत दिल्या, तर हल्ले झाले नाहीत. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ नावाच्या, काही आठवड्यांतच मरणाऱ्या खवलेदार कातडीच्या उंदरांमधलं बिघडलेलं जनुक शोधलं. तेच फॉक्सपी-थ्री. तेच जनुक बिघडलेले मुलगे माणसांतही जन्मतात. तान्हेपणीच मधुमेह, थांबता न थांबणारे जुलाब, इसब, आणि उपचार झाले नाहीत तर बहुतेक लहानपणीच मृत्यू. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

फॉक्सपी-थ्री नसलेलं बाळ ही खरी, शंभर टक्के ‘बूस्टेड’ इम्युनिटी. कुठल्याही जाहिरातीत तो फोटो नसतो.

माणसांची प्रतिकारयंत्रणा औषधाने खरोखर चेतवल्याचीही उदाहरणं आहेत. मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल. टीजीएन-१४१२ नावाच्या औषधाची पहिली मानवी चाचणी. प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या डोसचा पाचशेवा भाग सहा निरोगी तरुणांना दिला. काही तासांत सहाही जणांचे अवयव निकामी व्हायला लागले. सगळे वाचले, पण आयसीयूतून. या औषधामागचा हेतूच मुळी टी-रेग वाढवायचा होता, उंदरांत नि घुशींत तसं घडलंही होतं. माणसांत मात्र त्याने हल्लेखोर पेशींनाच पेटवलं. आणि कॅन्सरवरची इपिलिम्युमॅबसारखी औषधं, जी टी पेशींचे ब्रेक काढतात आणि ज्यांमागच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं, ती अनेकांचे जीव वाचवतात, पण काहींच्या आतड्यावर, थायरॉइडवर, क्वचित हृदयावर त्यांचंच शरीर तुटून पडतं. डॉक्टर ती देताना पेशंटकडून सही घेतात आणि रक्त तपासत राहतात. ब्रेक काढण्याची खरी किंमत माहीत असलेले लोक असे वागतात. ते सकाळी उपाशीपोटी दोन चमचे घ्या म्हणत नाहीत.

आणि कोविड. आपण सगळे काढे उकळत होतो त्याच जूनमध्ये, २०२० च्या, ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारं औषध सापडलं होतं: डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड, म्हणजे प्रतिकार दाबणारं औषध. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा झाला नाही. आजार पुढे गेल्यावर मारत होता तो बराचसा आपलाच अनावर दाह, आणि जीव वाचले ते त्याला आवरून. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात जिवावर बेतलेल्या कोविड न्यूमोनियाच्या ९८७ पेशंटपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. विषाणू आल्याचा गजर करणारा रेणू तो, आणि त्याचंच तोंड शरीराने दाबून धरलेलं. डब्यांवर मात्र तलवार-ढालीची चित्रं तशीच होती.

हे मी इतक्या चिडून का लिहितोय, तर माझ्या मावसबहिणीला ल्युपस आहे. तिच्या टी आणि बी पेशी तिच्याच त्वचेवर, सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उठल्यात. ल्युपसच्या दहा पेशंटमधल्या नऊ बायका असतात, आणि आपल्याकडे बाई सतत थकलेली असली की निदान आधी शेजारीच करतात. ताईला पाच वर्षं प्रत्येक हळदीकुंकवात आणि प्रत्येक लग्नात एकच वाक्य ऐकायला मिळालंय: “तुझी इम्युनिटी कमी आहे गं.” ती सकाळी प्रतिकार दाबणारी गोळी घ्यायची आणि संध्याकाळी मावशी तिच्या पुढ्यात प्रतिकार वाढवणारं चूर्ण ठेवायची. दोन्ही एकाच घरात, एकाच फ्रिजवर. मी म्हटलं, “मावशी, या दोन्हींपैकी एक काहीतरी खोटं आहे ना?” त्यावर मावशी, “अरे, आयुर्वेदिकच आहे ते, त्यात कुठे काय केमिकल असतं?” २०२० च्या एप्रिलमध्ये तर कहर झाला. ताईची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन केमिस्टकडे मिळेना, कारण ती कोविडवर चालते म्हणून लोकांनी घरात साठवून ठेवली होती. गंभीर आजाराच्या पेशंटची रोजची गोळी निरोगी माणसांच्या कपाटात, आणि पेशंटच्या पुढ्यात चूर्ण. मावशीवर मी रागावलेलो नाही. तिने मुलीसाठी जे बाजारात मिळत होतं ते आणलं. बाजाराला ते विकताना कुणी काही विचारलं नाही, राग त्याचा आहे.

त्या चूर्णात गुळवेल होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा पेशंट दिसले, जे सगळे गुळवेल घेत होते. यकृताची सूज ऑटोइम्यून हेपटायटिससारखी होती, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकाराने केल्यासारखी. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखलेली नाही, दुसरीच जात असू शकेल. आक्षेप रास्त धरू. मग पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ पेशंटचा अभ्यास आला, त्यातही तेच चित्र. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला असं होतं असं कुणीच म्हणत नाहीये. पण समजा, एखादी वनस्पती प्रतिकार खरंच चेतवते हा जाहिरातदाराचा दावा खरा मानला, तर मग कुणाकुणात आणि कशाविरुद्ध चेतवते हे सांगणं त्याचंच काम नाही का? दावा खोटा असेल तर फसवणूक, खरा असेल तर इशारा छापलेला हवा.

आता नेहमीचा प्रश्न: मग लस काय करते, तीही बूस्टच ना? नाही. लस त्या अफाट गर्दीतल्या, एका ठरावीक जंतूला धरणाऱ्या मूठभर पेशींना ओळख करून देते आणि त्यांचीच संख्या वाढवते. ‘कोणत्या पेशी, कशाविरुद्ध’ या प्रश्नाला लसीकडे उत्तर असतं. ‘बूस्टर डोस’ हे नाव ठेवलं तेव्हा त्याचं पुढे काय होणार याचा विचार झाला नसावा.

मग काहीच वाढवता येत नाही का? एक गोष्ट येते. आणि ती ज्यांची वाढवायला हवी त्यांच्यापर्यंत हे डबे पोचत नाहीत. ती म्हणजे खुद्द थायमस.

थायमस फार हळवी ग्रंथी आहे. उपासमार, आजारपण, ताण, यांत ती सगळ्यात आधी वाळते. यातून वैद्यकाच्या इतिहासात एक भयंकर प्रकार झालाय. शरीरशास्त्रज्ञ ज्या मृतदेहांवर शिकले ते बहुतांशी गरिबांचे, दीर्घ आजारात खंगून गेलेल्यांचे. त्यांची थायमस बारीक असायची आणि तीच ‘नॉर्मल’ मानली गेली. मग धडधाकट बाळ झोपेत अचानक दगावलं आणि त्याची थायमस मोठी दिसली, की ठरलं: वाढलेल्या थायमसने श्वास कोंडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हजारो निरोगी बाळांच्या छातीवर ती आक्रसावी म्हणून क्ष-किरणांचा मारा झाला. त्यांतल्या अनेकांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. गरिबाचं भुकेलं शरीर माप म्हणून धरलं, त्याची ही फळं.

तीव्र कुपोषित मुलांची थायमस सोनोग्राफीत जवळजवळ दिसेनाशी होते. बोलिव्हियात १९९० च्या दशकात अशी मुलं उपचार केंद्रात ठेवून मोजमाप केलं गेलं. चांगल्या आहारावर मुलांची वजनं साधारण महिनाभरात ताळ्यावर आली. थायमसला मात्र त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. आहारासोबत जस्त दिलं तेव्हा तीही लवकर भरून आली. जस्त काही महागडी गोष्ट नाही, जुलाबाच्या बाळांना सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या फुकट मिळतात.

मेळघाटात, नंदुरबारात दर पावसाळ्यात मुलं न्यूमोनियाने आणि जुलाबाने दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्या बातम्यांत ‘कुपोषणाने मृत्यू झालेला नाही, आजाराने झाला’ असा खुलासाही छापून येतो. वाळलेल्या थायमसच्या मुलाबाबतीत हा खुलासा कसा करता येतो ते मला कळत नाही. अंगणवाडीत वजनकाटा असतो, दंडाची पट्टी असते, भिंतीवर तक्ता असतो. मूल तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यात आलं की यादीतून त्याचं नाव निघतं आणि जादा आहारही थांबतो. बोलिव्हियातल्या मुलांचे आकडे पाहिले तर त्या दिवशी त्याची थायमस अर्ध्या वाटेवर असते. तो आहार आणखी महिना-दीड महिना चालू ठेवायला किती पैसे लागतील, याचा हिशोब इम्युनिटीच्या डब्यांवर मिळणाऱ्या जीएसटीशेजारी मांडून कुणीतरी विधानसभेत विचारायला हवा.